सुलतानपूरच्या दोन बोटांसाठी

निवृत्त डॉक्टरांना लोक एक तर फीत कापायला बोलावतात, नाहीतर शिकवायला. मला शिकवायचं आमंत्रण आलं. शिकाऊ सर्जन मुलामुलींपुढे तासभर बोलायचं होतं आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा होता: बोट मिटवणारी कंडरा कापली गेली, तर ती कोणत्या टाक्यानं शिवावी. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. आपण मूठ मिटतो ती या दोऱ्यांच्या जोरावर. लोक तिला नस म्हणतात आणि पेशंटपुढे मीही नसच म्हणत आले. हाताची सर्जन म्हणून माझं सगळं आयुष्य या दोऱ्या शिवण्यात गेलं. घरच्या कुणाच्या शर्टाला मी बटण लावल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

त्यातली चार वर्षं मी वऱ्हाडातल्या एका सरकारी दवाखान्यात होते. तिथं माझ्या हाताखाली इंगळे नावाचा ज्युनिअर होता, याच भागातला. मी कंडरेची टोकं दोन पदरी टाक्यानं जोडायची, तो चार पदरी घालायचा, आणि आमची रोज जुंपायची. आता तो बुलढाण्याला स्वतःचा छोटा दवाखाना चालवतो. भाषणासाठी त्याच्या जुन्या पेशंटचे फोटो मागावेत म्हणून मी फोन केला.

"फोटो पाठवत नाही, मॅडम," तो म्हणाला. "बोट फोटोत कळत नाही. तुम्ही या. आणि एक सांगायचं होतं. सुलतानपूरच्या मंगलाबाई आठवतात? बारा वर्षांपूर्वी सोयाबीन सोंगताना विळ्यानं उजव्या हाताची दोन बोटं कापली होती. तुम्हीच शिवली. त्यांची मुलगी मागच्या महिन्यात माझ्याकडे आली होती. आईची बोटं मोकळी होतील का, विचारत होती."

"म्हणजे अडकलीत?"

"तुम्ही या," एवढंच बोलून तो थांबला.

मी आठवून पाहिलं. ती बाई उंच की बुटकी, तरणी की म्हातारी, काही म्हणता काही आठवेना. टाका मात्र लख्ख आठवला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका, दोन्हीकडे इतका सुबक टाका पडला होता की थिएटरमधल्या सिस्टरनंही वाकून पाहिलं होतं. बाई विसरले आणि टाका लक्षात राहिला, याची तेव्हा फोन ठेवताना जराशी लाज वाटली. पुढे ती वाढणार होती, ते माहीत नव्हतं. मी बॅग भरली, आणि तिच्यात ऑपरेशनच्या वेळी लावायचा माझा भिंगाचा चष्माही टाकला.

बुलढाणा

दिवाळी होऊन गेली होती. बुलढाण्याची हवा नोव्हेंबरात पुण्याला लाजवेल अशी असते, हे मी पुण्यात कुणाला सांगत नाही. इंगळेच्या बायकोनं नाश्त्याला उकरपेंडी केली होती, गव्हाच्या पिठाची, आंबट-तिखट, वरून कच्चा कांदा. आमच्याकडे असती तर तिच्यात चिमूटभर साखर पडली असती. मी तसं तोंडून काढलं नाही, तरी तिनं ओळखलं. "साखरेचा डबा आणू का, मॅडम?" तिनं विचारलं आणि इंगळे ताटात पाहून हसायला लागला.

पहिला पेशंट कोर्टाच्या रस्त्यावर होता. रमेशभाऊ, वकिलांचे काळे कोट शिवणारा शिंपी. आरशाची काच लागून त्याच्या उजव्या तर्जनीची कंडरा तुटली होती आणि मी ती दोन पदरी टाक्यानं जोडली होती. मला पाहून तो मशीनवरून उठला, बोटात सुई अडवायचं अंगुस्तान तसंच.

मी त्याचं बोट हातात घेतलं, कोन मोजायची छोटी पट्टी लावली. बोट मिटत होतं. शेवटचं पेर जरासं कमी वाकत होतं, पण तेवढं शोधायला पट्टीच लागली असती. मी इंगळेकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "दोन पदरी," मी म्हणाले.

रमेशभाऊनं ते नेमकं धरलं. "दोन पदरी म्हंजे?"

शिंप्याला समजावून सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, बोटातली नस एका नळीतून सरकते, नेफ्यातून नाडा सरकतो तशी. नाडा मधेच तुटला आणि जोडला, तर जोड मजबूत हवा, नाहीतर ओढताच सुटतो. पण जोड जाड झाला तर नेफ्यात अडकतो. मी दोनदाच दोरा फिरवते, गाठ नाजूक राहते. इंगळे डॉक्टर चारदा फिरवतात.

"मंग मजबूत तं चारपदरीच व्हय ना," रमेशभाऊ म्हणाला. "जाड व्हते, ते खरं. पन दोनपदरी टाका घातला तं त्याच्यावर ताण कवा द्यायचा?"

"म्हणूनच तर चार आठवडे प्लास्टर. मुळीच हलवायचं नाही. तुम्ही हलवलं नाहीत, म्हणून बघा कसं छान झालं."

रमेशभाऊनं अंगुस्तान काढलं, परत घातलं. मग म्हणाला, "आता लपवून काय करू, म्याडम. म्या तुमचं आयकलंच नाही. आठव्या दिवशी पलस्तर आतून ढिलं केलं अन् रोज बोट जरा जरा हलवत राह्यलो. शिंप्याचं बोट हाये, ते बसून कसं राहीन? तुमच्याकडं दाखवाले यायच्या दिवशी वरून चिंध्या कोंबून घट्ट करून येवो. तुमचं भेव लय वाटे."

इंगळे दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला हसू आवरत नव्हतं. मीही हसले, पण ते काही मनापासूनचं नव्हतं. माझ्या सर्वात चांगल्या बोटाचं श्रेय माझं न ऐकण्याला होतं. रमेशभाऊनं आम्हाला चहा पाजला आणि इंगळेच्या कोटाची बाही फुकट आत घेऊन दिली.

सोनाळा

दुसऱ्या दिवशी घाट उतरून नांदुरा, पूर्णा नदी आणि मग सातपुड्याच्या पायथ्याकडे. पूर्णेच्या काठचा पट्टा खारवट पाण्याचा. टपरीवर चहा प्यायले तर साखरेच्या पाठोपाठ मिठाची चव आली. मी तोंड वाकडं केलं तसा टपरीवाला म्हणाला, "चहा चांगला हाये, पानीच तसं हाये." त्याच्या बोलण्यात ना माफी होती ना तक्रार. शेतांत कपाशी फुटली होती आणि बाया ओटीत कापूस वेचत होत्या. इकडे सगळी कामं बोटांनी होतात, हे चार वर्षं इथं काढूनही मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मला बोटं ऑपरेशनच्या टेबलावरच भेटायची, हिरव्या कापडाच्या भोकातून बाहेर आलेली.

सोनाळ्याला नामदेवरावांची संत्र्याची बाग आहे. सत्तरीचे, पांढरी टोपी, बोलणं मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या उजव्या हाताची कंडरा इंगळेनं चार पदरी टाक्यानं शिवलेली. बागेत शिरताच ठिबकच्या ओलीत माझा पाय घोट्यापर्यंत गेला आणि वर आला तो चपलेशिवाय. मी एका पायावर उभी, इंगळेचा खांदा धरून. नामदेवरावांनी चिखलात हात घातला, चप्पल मुठीत धरून ओढली आणि फट्टकन बाहेर काढून माझ्यापुढे धरली. त्यांनी उजवा हातच घातला होता. मोजपट्टी काढायची वेळच आली नाही.

"व्यायाम कोणता दिला होतास?" मी इंगळेला विचारलं.

"त्यांनाच विचारा."

नामदेवरावांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. नामदेवराव म्हणाले, "तिले काय इचारता, म्या सांगतो. वाती! या डाक्टरनं मले वाती वळाले लावल्या. तिसऱ्या दिवसापासून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मांडीवर कापूस घ्यायचा अन् हळूच बोटं फिरवायची. सारं गाव ओट्यावर पाहाले ये. म्हने, नामदेवराव आता बाया झाले. पावभर कापसाच्या वाती केल्या म्या! मारोतीच्या देवळात वर्षभर पुरल्या."

जेवायला विस्तवावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि तिच्यावर तिखटाचा लाल तवंग होता. रोडग्याला गोवरीच्या धुराचा वास असतो आणि त्याच वासाची सवय लागते. नामदेवरावांनी रोडगा हातानं चुरून माझ्या पानात तूप ओतलं. मी नको नको म्हणत राहिले. पुण्यात नको म्हटलं की थांबतात, इथं नको म्हटलं की अजून एक पळी पडते.

परतीच्या वाटेवर मी इंगळेला म्हटलं, "वाती मला कधी सुचल्या नसत्या."

"आईचं बघून सुचलं. तिचे हात कधी रिकामे नसायचे." तो गाडी चालवता चालवता पुढे बोलत राहिला. "मॅडम, तुमचा टाका माझ्यापेक्षा सुबक होता, यात वादच नाही. मी कितीदा पाहत उभा राहायचो. पण मला वाटायचं, इथला माणूस महिनाभर हात बांधून घरी बसणार नाही. तेव्हा टाकाच असा घालावा की हात जरा हलला तरी तुटू नये."

"आणि मी म्हणायचे, माणसाला शिस्त लाव."

"हो. तसंच म्हणायचा तुम्ही."

तेव्हा मला ते भांडण दोऱ्याचं वाटलं होतं. आता कळत होतं की इंगळे माणसाला बघून टाका घालत होता आणि मी टाक्याला सोसेल असा माणूस मागत होते. मी त्याला तसं सांगितलंही. थोड्या वेळानं त्यानं गाडी थांबवून रस्त्याकडेची संत्री घेतली आणि सोलून माझ्या हातावर ठेवली.

सुलतानपूर

चिखली, मेहकर ओलांडून सुलतानपूरला पोचेपर्यंत मी मनात एकच हिशेब घोकत होते. अडकलेली नस सोडवता येते. नळीला चिकटलेली कंडरा अलगद मोकळी करायची, टाका जिथल्या तिथं ठेवायचा. बारा वर्षांनीही जमतं, पण एका अटीवर: सांधे जिवंत हवेत. बोट स्वतःहून मिटत नसेल तरी चालेल, दुसऱ्यानं धरून वाकवलं तर वाकलं पाहिजे. वाकलं तर आशा आहे. सांधेच आखडले असतील तर आत कितीही नाजूक काम करा, व्यर्थ. इंगळेला मी दोनदा विचारलं, तू वाकवून पाहिलंस का? तो म्हणाला, "मुलगी एकटी आली होती. आईला नाही पाहिलं मी." मला ते खरंही वाटलं आणि खोटंही.

मंगलाताईंचं घर गावाच्या कडेला, भाजीच्या मळ्याला लागून. अंगणात मेथी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, यांचा हिरवा ढीग. चाळिशीची, सडपातळ बाई जुड्या बांधत बसली होती. दोरीचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, आणि उजव्या हाताचा नुसता जुडीवर दाब. शेजारी तिची मुलगी पल्लवी. एकोणीस वर्षांची, मेहकरच्या कॉलेजात जाणारी.

"आल्या का बाई!" मंगलाताई लगबगीनं उठल्या. "पल्लवी म्हने येतीन येतीन, मले खरंच वाटे ना. किती वर्षानं! तशाच हायेत पाहा, केस पांढरे झाले तेवढंच."

मला ओळखण्यात त्यांना क्षणही लागला नव्हता.

मी त्यांचा हात मांडीवर घेतला. मधलं बोट आणि अनामिका अर्ध्यात वाकून थांबलेली, ना पुढे ना मागे. तळव्याकडच्या बाजूला माझ्या छेदाची पांढरी, नागमोडी रेघ, अगदी सुबक. मी दुसऱ्या हातानं अनामिकेचं मधलं पेर धरलं आणि हळूच वाकवायला घेतलं. पल्लवी माझ्या बोटांकडे पाहत होती. पेर हललं नाही. मी सरळ करून पाहिलं, तसंही हललं नाही. मधल्या बोटाचं तेच. दाराचा कोयंडा गंजून बसतो तसे सांधे बसले होते.

"पट्टी किती दिवस होती?" मी विचारलं.

"पाच म्हयने."

मी इंगळेकडे पाहिलं. तोही चमकला होता.

"पाच महिने? चार आठवड्यांनी काढायची असते, मंगलाताई. कागदावर लिहून दिलं होतं मी."

"कागद इंग्रजीत व्हता," पल्लवी म्हणाली.

"तुमी तोंडानं सांगतलं व्हतं ना," मंगलाताई मला आठवण करून देत म्हणाल्या, जणू विसराळू पाहुणीला समजावताहेत. "म्हने, म्या सोड म्हनन तवाच सोडायची, त्याच्या आदुगर कोनीबी म्हनो. अन् आन घातली व्हती. ही तवा सात वर्साची. हिच्या डोक्शावर हात ठेवाले लावला व्हता मले."

आणि मला आठवलं. सगळं एकदम आठवलं. त्याच आठवड्यात एका पेशंटनं प्लास्टर स्वतःच उतरवलं होतं, बादली उचलली होती, आणि माझा टाका तुटला होता. मी वॉर्डभर आरडाओरडा केला. एका जुन्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, इकडे ओरडून उपयोग नाही, लेकराची आण घाला, म्हणजे पाळतात. मला ती युक्ती फारच आवडली. पुढच्याच खाटेवर मंगला होती आणि तिच्या पायाशी तिची पोर खेळत होती. मी पोरीला उचलून खाटेवर बसवलं. माझ्या आयुष्यात मी कधी कुणाची आण घेतली नाही, देवाला नारळ फोडला नाही. पण दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावताना मला काही वाटलं नाही. उलट, आपल्याला इथल्या माणसांची नस सापडली असं वाटून मी खुशीत होते.

"चौथ्या हप्त्यात आली मी," मंगलाताई सांगत होत्या. "तं तिथं म्हने, म्याडमची बदली झाली, पुन्याले गेल्या. दुसरे डाक्टर म्हने, दे हात, कापतो पलस्तर. म्या हात देलाच नाही. आन तुमी घातलेली, ते कसे सोडवतीन? अजून दोन डाव येऊन गेली, म्हटलं म्याडम आल्या असतीन. मंग पलस्तर भुगा होऊन गळालं, तं वरून फडकं गुंडाळलं. चैत्रात सासूनं देवीपुढं नारळ फोडून आन उतरवली, तवा सोडलं."

आण ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं असतं. इकडे हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मी ती रीत अर्धीच शिकले होते. घालायची कशी एवढंच मी विचारलं होतं, आणि सिस्टरनं तेवढंच सांगितलं होतं. बदलीचा कागद हातात पडल्यावर मी चार दिवसांत सामान बांधलं. सगळ्या केसपेपरांवर पुढच्या सूचना लिहिल्या, टापटीप अक्षरात. खाटेवरच्या त्या बाईला सांगायचं राहून गेलंय, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इंगळेही तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेला होता.

पल्लवीनं विचारलं, "मंग आता ऑपरेशन कवा करायचं, मॅडम?"

"नाही होणार," मी म्हणाले. "नस सोडवता आली असती. पण सांधेच धरलेत. ऑपरेशन करून मी तुम्हाला फक्त दुखणं देईन."

तिनं मान हलवली, पण डोळे भरून आले होते. मंगलाताईंनी मात्र माझ्याच हातावर डावा हात ठेवला. "जाऊ द्या, बाई. कायले जीवाले लावून घेता? हात गेला तं गेला, पोरगी धड हाये. तेवढ्यासाठीच तं केलं."

"आई, बस ना आता," पल्लवी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सात वर्साची व्हती तवापासून आयकून राह्यली मी हे. शाळेत पहिली आली तरी हेच, ताप आला तरी हेच. इच्यासाठी हात देला, इच्यासाठी हात देला. म्हनून तं डाक्टर सायेबाकडं गेली व्हती. म्हटलं बोटं मोकळी झाली तं..."

"तुले बोल लावला का म्या कवा?" मंगलाताई म्हणाल्या.

"नाही लावला. लावला असता तं बरं झालं असतं."

इंगळेनं एक मेथीची काडी उचलली आणि तिची पानं खुडत बसला. मला गप्प राहता आलं असतं. आईचं समाधान शाबूत राहिलं असतं, आणि माझंही नाव चांगलंच राहिलं असतं. बारा वर्षं त्या बाईनं मनात मला मान दिला होता, तो मला हवाच होता, हे मी कबूल करते. पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहवेना.

"मंगलाताई," मी म्हणाले, "पोरीला काही झालं नसतं. पहिल्या दिवशी सोडली असती पट्टी, तरी तिला काही झालं नसतं. मी तुम्हाला नुसता धाक घातला होता. चार आठवड्यांनी पट्टी काढायचीच होती. तुम्हाला सांगायला मी विसरले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इसरल्या?"

"हो. विसरले. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सांगितलं ते केलंत. बोटं माझ्यामुळे गेली."

पल्लवी आईजवळ सरकली. "आयकलं ना, आई? माह्यापायी नाही झालं." ती रडत होती आणि तिच्या आवाजात इतकी सुटका होती की मला एका बाजूनं बरं वाटलं. मंगलाताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"म्या समजो," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमच्या मनात काही असंन. डाक्टरीन हाये, तिले आपल्याहून जास्त समजते. म्हनून तिनं पट्टी ठेवाले लावली." मग म्हणाल्या, "एक फोन करायचा व्हता, बाई. भावाचा नंबर देला व्हता म्या."

दिला होता. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मीच तो लिहून घेतला होता. मी त्यांची माफी मागितली. माफीचे शब्द त्या अंगणात फारच तोकडे वाटले, पण दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. त्यांनी हात माझ्या मांडीवरून काढून घेतला.

इंगळे उठला, तशी मीही उठले. रीत म्हणून पल्लवी घरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि आईपुढे धरला. इकडे निघालेल्या बाईला घरची मोठी बाईच कुंकू लावते, आणि ते लावायचं असतं अनामिकेनं. मंगलाताईंनी करंड्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे.

"तूच लाव," त्या पल्लवीला म्हणाल्या. "माह्यानं नाही व्हत."

पल्लवी गोंधळली. "काऊन? तू तं सोताच लावतेस ना. बारा वर्सं लावूनच राह्यली तू, वाकड्या बोटानं."

"तवा लावत व्हती," मंगलाताई म्हणाल्या, आणि खाली बसून दोरीचं टोक दातात धरलं.